‘तीन’ म्हणेपर्यंत थांबायचे

पत्राचा सारांश : बडोद्यात राहणाऱ्या एका आईचे हे पत्र आहे. तिचा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. गेल्या मे महिन्यात तिने त्याला तरणतलावावरच्या २१ दिवसांच्या उन्हाळी बॅचमध्ये घातले होते. पहिले तीन दिवस तो उथळ भागात कठड्याला धरून पाय मारत होता आणि घरी आल्यावरही पलंगावर पालथा पडून पाय मारून दाखवत होता. चौथ्या दिवशी प्रशिक्षकांनी त्याला दंडाला धरून खोल भागात नेले आणि हात सोडला. दोन गटांगळ्या खाऊन, नाकातोंडात पाणी जाऊन तो वर आला. ‘कांई नहीं थाय बेन, बे दिवसमां सीधो थई जशे’ (काही होत नाही ताई, दोन दिवसांत सरळ होईल) असे प्रशिक्षकांनी सांगितल्यामुळे आईने पाचव्या दिवशी ‘आज नुसते पाय बुडवून परत येऊ’ असे सांगून त्याला नेले आणि पुन्हा त्यांच्याच हाती सोपवले. त्यानंतर मुलाने तलावात पाऊल ठेवलेले नाही, आणि आता न्हाताना डोक्यावरून पाणी घेतानाही तो किंचाळतो. आजोबा म्हणतात, ‘आम्हाला पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलले होते, आम्ही नाही शिकलो?’ वडिलांच्या मते हे सारे लाडाचे परिणाम आहेत. त्याच वयाचा आतेभाऊ तलावाची पूर्ण रुंदी पोहून जातो. आईला स्वतःला पोहता येत नाही, आणि हरणी तलावातल्या दुर्घटनेपासून मुलाला पोहता आलेच पाहिजे, असे तिने मनाशी घेतले आहे. एप्रिलच्या बॅचची फी भरून झाली आहे. मुलाला जबरदस्तीने न्यावे, की हा नाद सोडून द्यावा, आणि मुलगा मुळातच भित्रा आहे का, असे तिने विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे दोन्ही प्रश्न त्यावरच टेकलेले आहेत. जो मुलगा तीन दिवस आनंदाने पाण्यात उतरला आणि घरी येऊन पलंगावर पाय मारून दाखवू लागला, त्याला भित्रा कसे म्हणावे? पाण्याला भिणारे मूल पहिल्याच दिवशी पायरीवर अडून बसते. तुमच्या मुलाच्या बाबतीत चौथ्या दिवशी काहीतरी घडले, आणि तेव्हापासून त्याने पाण्याबद्दल एक मत बनवले. ते मत घडलेल्या गोष्टीशी पुरेपूर जुळणारे आहे. खोल पाण्यात हात सुटला, श्वास कोंडला आणि घशात जळजळ झाली. एवढ्यावरून ‘तिथे पुन्हा जाऊ नये’ असे जर तो ठरवत असेल, तर त्याची बुद्धी शाबूत आहे असेच म्हणावे लागेल.

आता थोडे अवघड लिहायचे आहे, आणि ते तुम्ही आपुलकीनेच घ्याल अशी आशा आहे. माझ्या मते चौथ्या दिवसापेक्षा पाचवा दिवस त्याच्या मनात जास्त खोल गेला आहे. चौथ्या दिवशी त्याचा विश्वास प्रशिक्षकांवरून उडाला, आणि ते तर तीन दिवसांचे ओळखीचे गृहस्थ होते. पाचव्या दिवशी मात्र ‘नुसते पाय बुडवून परत येऊ’ हे वाक्य त्याच्या आईने उच्चारले होते. डॉक्टरकडे नेताना ‘सुई नाही टोचणार, नुसते तपासतील’ असे आपण सगळ्याच जणी कधी ना कधी म्हटलेले असते. मीही म्हटलेले आहे, आणि माझ्या मुलीने ते मला कॉलेजात गेल्यावर ऐकवले. तेव्हा अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. मात्र न्हाणीघरातल्या किंचाळण्याचा उलगडा मला इथेच होतो असे वाटते. डोक्यावर तांब्या धरणारा हात आईचाच असतो, आणि तो हात नेमके काय करणार आहे, याची खात्री त्याला सध्या उरलेली नाही.

तुमच्या पत्रात ‘त्याचा आत्मविश्वास वाढवायचा आहे’ असे चार वेळा आले आहे. हा शब्द आपण असा वापरतो, जणू ती मुलाच्या छातीत भरायची हवा आहे आणि बाहेरून पंप मारला की ती भरेल. ‘तू शूर आहेस’, ‘तुला जमेल’, ‘घाबरायचे नाही’ हे असे पंप मारणे झाले. पाण्यात लहान मुलाला जो धीर येतो तो बराच साधा असतो. आता काय होणार आहे हे त्याला आधी ठाऊक असते, ठरल्याप्रमाणे तेवढेच घडते, आणि नको वाटले तर थांबता येते. हे वीस-पंचवीस वेळा लागोपाठ घडले की पंचविसाव्या वेळी मूल आपणहून पुढचे पाऊल टाकते. म्हणून ‘काही होत नाही’ हे वाक्य तर अगदीच निरुपयोगी समजावे. ज्याच्या नाकातोंडात पाणी जाऊन डोळ्यांपुढे अंधारी आलेली आहे, त्याला ‘काही होत नाही’ म्हणणे म्हणजे तू जे भोगलेस ते खोटे आहे, असे सांगण्यासारखे आहे. त्यापेक्षा ‘नाकात पाणी गेले की झोंबते, खरे आहे, ते जाऊ नये म्हणून काय करायचे, ते आपण शिकू’ हे वाक्य त्याला पटेल.

मी स्वतः वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, सकाळच्या लेडीज बॅचमध्ये पोहायला शिकले, त्यामुळे यातली एक बारीकशी गोष्ट मला आठवते. उताणे तरंगायला शिकवताना आमच्या बाईंनी माझ्या मानेखाली हात धरला होता. मी डोके मागे टेकवले, दोन्ही कान पाण्याखाली गेले, आणि एकाएकी जगाचा आवाज बंद झाला. बाईंचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द येत नव्हते. ऐकू येत होता तो माझाच श्वास. त्या क्षणी मी बाईंच्या मनगटाला असा काही विळखा घातला की त्यांच्या बांगडीची खूण दोन दिवस माझ्या तळहातावर होती. त्यांनी मला उभे केले, हसल्या नाहीत, आणि म्हणाल्या, ‘कान पाण्यात गेले की मी काय बोलते ते ऐकू येणार नाही, म्हणून मी बोटांनी तुमच्या खांद्यावर तीन टिचक्या मारीन, तिसऱ्या टिचकीला उभे राहायचे.’ पुढच्या वेळी पाणी तेच होते, कानही तसेच बंद झाले, आणि मी तरंगले. बेचाळीस वर्षांच्या बाईला ज्या खुणेची गरज पडली, ती साडेसहा वर्षांच्या मुलाला पडू नये, अशी अपेक्षा आपण का धरावी?

आजोबांच्या डब्याविषयी आता. पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत उतरवण्याची पद्धत आपल्याकडे होतीच, आणि तिने पिढ्यान्‌पिढ्या लोकांना पोहायला शिकवले, हेही खरे आहे. परंतु ती गोष्ट सांगताना बहुतेक आजोबा निम्मीच सांगतात. तुम्ही एकदा त्यांच्यापाशी बसून उरलेली निम्मी विचारून घ्या. विहिरीत आधीपासून कोण उतरलेले होते? वरून दोर कोणी धरला होता? डबा किती दिवस बांधला होता? मला जवळजवळ खात्री आहे की पाण्यात एखादा काका किंवा थोरला भाऊ हात पसरून उभा होता आणि पहिल्या गटांगळीला त्यानेच उचलले. मग ‘ढकलले आणि शिकलो’ या गोष्टीचा अर्थच बदलतो. शिवाय ज्यांना तसे ढकलले आणि जे पुन्हा कधीच पाण्याकडे फिरकले नाहीत, ते अशा गोष्टी सांगत नाहीत. ते सहलीला गेल्यावर घाटाच्या पायरीवर पाय सोडून बसतात आणि सगळ्यांच्या चपला सांभाळतात. अशी एक व्यक्ती प्रत्येक घरात असते. आजोबांना विरोध करू नका. त्यांना कामाला लावा. स्वतः पहिल्यांदा किती घाबरले होते, रडले होते का, काकाच्या गळ्याला कशी मिठी मारली होती, हे त्यांनी नातवाला रात्री झोपताना सांगावे. आजोबाही घाबरले होते, हे कळल्याने मुलाला जेवढे बळ येईल तेवढे दहा शाबासक्यांनी येणार नाही.

आतेभावाचे उदाहरण घरात कोणीही काढू नये, एवढेच त्याबाबत म्हणते.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त थांबायला लावले ते हरणीच्या उल्लेखाने. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीच्या मुलांची बोट उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका दगावल्या, हे बडोद्यातली कोणतीही आई विसरू शकत नाही. पण त्या घटनेतून ‘माझ्या मुलाला लवकरात लवकर पोहता आले पाहिजे’ हा निष्कर्ष काढताना आपण अजाणतेपणी मोठ्यांचे ओझे लहानाच्या पाठीवर टाकतो. एप्रिल-मेमध्ये २१ दिवस शिकलेले सहा-सात वर्षांचे मूल शाळेच्या गणवेशात, बुटांसकट, भर थंडीत, एकमेकांना धरून ओरडणाऱ्या मुलांच्या गर्दीत स्वतःला वाचवू शकेल, असे कोणताही जाणता प्रशिक्षक म्हणणार नाही. तिथे मुलाला वाचवते ते अंगावर नीट बांधलेले लाइफ जॅकेट आणि बोटीत किती जणांना बसवायचे, याबद्दल मोठ्यांनी पाळलेला नियम. म्हणून शाळेची सहल पाण्याकाठी जात असेल तर ‘बोटीत बसवणार का, प्रत्येकाला जॅकेट मिळणार का’ हे लेखी विचारण्याची हिंमत तुम्ही करा. ते तुमचे काम आहे. पोहणे शिकणे त्याचे काम आहे, आणि ते त्याच्या वेगाने होऊ द्या.

याचा अर्थ पोहणे शिकणे दुय्यम आहे, असा मात्र घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, आणि सहा वर्षांपुढच्या शाळकरी मुलांना पोहण्याचे व पाण्यातील सुरक्षिततेचे प्राथमिक शिक्षण द्यावे, अशी या संघटनेची शिफारस आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना तर चौथ्या वर्षापर्यंत बहुतेक मुले शिकण्याच्या तयारीची झालेली असतात, असे सांगते. तेव्हा ‘नाद सोडून द्यावा का’ या तुमच्या प्रश्नाचे उत्तर नाही असेच आहे. आता सोडून दिले तर भीती आपोआप विरघळेल, असेही नाही. टाळत राहिले की ती वर्षागणिक घट्ट होत जाते, आणि दहाव्या-बाराव्या वर्षी तिच्यात लाजेचीही भर पडते. दुसरीकडे, जबरदस्तीने नेले तर काय होते, ते तुम्ही पाचव्या दिवशी पाहिलेच आहे. राहिली मधली वाट. ती लांबची आहे, आणि तिच्यावरून चालायला २१ दिवस पुरणार नाहीत, हे आधीच मान्य करून निघावे.

सुरुवात तलावावर करू नका, न्हाणीघरात करा. त्याआधी एकदा शांतपणे त्याच्याजवळ बसून सांगा, ‘त्या दिवशी मी पाय बुडवून परत येऊ म्हणाले होते आणि तसे केले नाही. ते माझे चुकले. आता मी जे सांगेन तेवढेच होईल.’ मुलांची क्षमा मागितल्याने आईची पत कमी होत नाही, उलट पुढच्या प्रत्येक वाक्याला वजन येते. मग तांब्या त्याच्या हाती द्या. पहिले काही दिवस स्वतःच्या डोक्यावर पाणी त्यानेच ओतावे, हवे तेवढे, हवे तेव्हा. साबणाचे डोळे तुम्ही पुसावेत. एका मोठ्या घमेल्यात कोमट पाणी घेऊन ओठ मिटून ‘म्म्म्म’ असे गुणगुणत चेहरा पाण्यात घालायचा खेळ करा. गुणगुणत राहिले की नाकातून हवा बाहेर पडत राहते आणि पाणी आत शिरत नाही, ही पोहण्यातली पहिली आणि सर्वांत उपयोगाची युक्ती आहे. आधी हनुवटी, मग ओठ, मग नाक, आणि डोळे अगदी शेवटी. तुम्हीही घमेल्यात तोंड घाला; तुमच्या नाकातून निघालेले बुडबुडे पाहून तो हसला, की त्या दिवसाचे काम झाले. हे सारे तुम्ही समोर असतानाच व्हावे, आणि खेळ संपताच घमेले व बादली रिकामी करावी.

इथे ‘साडेमाडे तीन’ची गोष्ट सांगायची राहिली. आपल्याकडे मुलांना उडी मारायला लावताना ‘एक… दोन… साडेमाडे… तीन’ म्हणतात, आणि फार थोडे मोठे लोक तीनपर्यंत थांबतात. दोनलाच हात ओढतात, किंवा साडेमाडेला ढकलतात, आणि सगळे हसतात. मूलही हसते, कारण सगळे हसत असतात. पण मोजणीवर भरवसा ठेवायचा नसतो, हेही ते त्याच वेळी शिकते. तुमच्या घरात यापुढे तीन म्हणजे तीन असू द्या, आणि तीन म्हणण्याचा हक्क त्याचा असू द्या. तो साडेमाडेवर दहा मिनिटे अडून बसला तरी तुम्ही ढकलू नका.

न्हाणीघरातले किंचाळणे थांबले, की त्याला तलाव पाहायला न्या. पाण्यात उतरायचे नाही, असे सांगून, आणि खरोखरच न उतरवता. सोबत पोहण्याचे कपडेही नेऊ नका, म्हणजे त्याला खात्री पटेल. याच फेरीत तुम्हालाही एक काम आहे. तिथल्या लहान मुलांची बॅच अर्धा तास नुसती पाहा, आणि एखादे मूल रडू लागले की प्रशिक्षक काय करतात, यावर लक्ष ठेवा. रडणाऱ्या मुलापाशी वाकून त्याच्या उंचीवर येणारा प्रशिक्षक मिळाला तर त्याचे पोहण्याचे पदक विचारायची गरज नाही. एका प्रशिक्षकाकडे नवशिकी मुले पाच-सहापेक्षा जास्त नसावीत. जीवरक्षक वेगळा असावा. शिकवणाऱ्यानेच पहाराही करायचा, अशी व्यवस्था चांगली नव्हे, कारण शिकवताना त्याची पाठ कोणाकडे तरी असतेच. पाणी इतके स्वच्छ हवे की खोल भागाचा तळ आणि त्यावरच्या रेघा काठावरून स्पष्ट दिसाव्यात. तळ दिसत नसेल तर तो तलाव कितीही नावाजलेला असो, मुलाला तिथे उतरवू नये. तळाशी गेलेले मूल तिथे कोणालाच दिसणार नाही. प्रशिक्षकांशी बोलताना मागचा प्रसंग लपवू नका, आणि ‘मुलाने थांब म्हटल्यावर तुम्ही थांबाल का’ हे सरळ विचारा. या प्रश्नाला जो हसण्यावारी नेईल, त्याच्याकडे पाठवू नये.

प्रत्यक्ष पाण्यात काय शिकवायचे, हे प्रशिक्षकांचे काम असले तरी क्रम तुम्हाला माहीत असावा, कारण आपल्याकडे तो बहुधा उलटा असतो. हात-पाय मारणे आधी, तरंगणे नंतर, आणि उभे राहणे कोणी शिकवतच नाही. खरे तर छातीएवढ्या पाण्यात पालथे तरंगत असताना पुन्हा पायांवर कसे यायचे, ते सर्वांत आधी शिकवावे. गुडघे पोटाशी घ्यायचे, दोन्ही तळहातांनी पाणी खाली दाबायचे, आणि पाय तळाला लागल्यावर मग डोके वर काढायचे. बहुतेक मुले नेमकी उलट वागतात. आधी डोके वर काढतात, त्यासरशी पाय आणखी मागे तरंगतात, आणि कमरेएवढ्या पाण्यातही गटांगळी बसते. हे उभे राहणे एकदा अंगवळणी पडले की मुलाचा चेहरा बदलतो, कारण बाहेर पडण्याचा रस्ता त्याच्या हाती आलेला असतो. त्यानंतर कठड्याला धरून हातांनी सरकत खेकड्यासारखे काठाकाठाने जाणे, आणि मग पाण्यात उडी घेऊन वळून पुन्हा काठ पकडणे. चुकून पाण्यात पडलेल्या मुलाला शैलीदार फ्रीस्टाइलपेक्षा हे वळून काठ पकडणेच वाचवते.

पाणी माणसाला वर उचलते, हे त्याला सांगून पटणार नाही, ते अनुभवू द्या. उथळ भागातल्या पायरीवर एक स्टीलची वाटी ठेवून ती बसून उचलायला सांगा. बुडणे सोपे आणि तरंगणे अवघड, अशी समजूत घेऊन आलेले मूल वाटीपर्यंत पोचायला धडपडते आणि पाणी त्याला पुन्हा पुन्हा वर ढकलते. हा खेळ तुम्ही हाताच्या अंतरावर असतानाच करायचा, हे सांगायला नकोच.

दंडाला बांधायचे हवेचे फुगे मात्र टाळावेत. ते मुलाला पाण्यात उभे धरतात आणि पोहण्याला लागते आडवी स्थिती, म्हणजे शिकणे उलट्या दिशेला जाते. त्याहून वाईट म्हणजे, मूल त्यांच्या भरवशावर उडी मारायला शिकते आणि एके दिवशी ते बांधलेले नाहीत, हे विसरून उडी मारते.

पाण्यात पहिल्या दिवसांत वीस-पंचवीस मिनिटे पुष्कळ झाली. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते, आणि लहान अंगाला त्याचा ताण लवकर जाणवतो. ओठ निळसर झाले किंवा दात वाजू लागले की खेळ कितीही रंगात असो, बाहेर काढून टॉवेलात गुंडाळावे. थंडीने कुडकुडणारे मूल आणि भीतीने कापणारे मूल बाहेरून सारखेच दिसते, आणि ‘पुन्हा घाबरला’ असा शिक्का उगीच बसतो. शक्य असेल तर एप्रिलमधल्या पहाटेच्या बॅचऐवजी संध्याकाळची बॅच घ्या. दिवसभर उन्हात तापलेले पाणी मुलांना मानवते. एकदा कानाच्या डॉक्टरांनाही दाखवा. कानात मळ किंवा संसर्ग असेल तर पाणी गेल्यावर दुखते, आणि सहा वर्षांच्या मुलाला ते दुखणे ‘मला नाही जायचे’ एवढ्याच शब्दांत सांगता येते.

बक्षिसाचे आमिष दाखवू नका. ‘उडी मारलीस तर आइसक्रीम’ म्हटले की उडी ही किंमत होते आणि मूल किंमत वाढवायला शिकते. पोहून आल्यावर भूक मात्र सणसणून लागते, तेव्हा सेव-उसळ खायला न्यायचे तर उडी मारली तरी न्या आणि न मारली तरी न्या. त्याच्या वडिलांनाही हे सांगा. घरातल्या पुरुषांचा ‘लाड’ या शब्दाचा वापर फार सैल असतो, असे माझे मत आहे; मुलाने सांगितलेले ऐकणे आणि मुलाने मागितलेले देणे, यांत अंतर आहे. तो तलावावर यायला नाही म्हणू लागला तर ‘आज काठावर बसू’ हा पर्याय असावा, ‘आज घरी बसून मोबाइल पाहू’ हा नसावा. एवढा कडकपणा मलाही मान्य आहे.

दोन-तीन महिने असे सावकाश जाऊनही न्हाणे कठीणच राहिले, किंवा झोपेत दचकणे, अंथरुण ओले करणे, पावसालाही घाबरणे असे काही दिसू लागले, तर बालमानसतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. त्यात कमीपणा मानू नये.

आणि उद्या त्याला जमू लागेल तेव्हाची एक सूचना आजच देऊन ठेवते, कारण त्या आनंदात ती कोणाला आठवत नाही. पाण्याला घाबरणारे मूल काठापासून दूर राहते; नुकते पोहू लागलेले मूल काठाकडे धावते. तलावात रुंदी पार करणारा मुलगा गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला किंवा चांदोदला स्नानाला गेल्यावर नर्मदेलाही तलावच समजतो. तिथे काठ धरायला कठडा नसतो, तळ एका पावलात खोल जातो, ओढ वरून दिसत नाही, आणि वरच्या बाजूला धरण असल्यामुळे पाणी वाढूही शकते. आपल्या विश्वामित्रीबद्दल तर बोलायलाच नको. तिथे मगरींचा हक्क पहिला. तेव्हा पोहता येवो वा न येवो, पाण्याजवळ असताना एक मोठे माणूस त्याच्यापासून हातभर अंतरावर, फोन खिशात ठेवून, हा नियम तो दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत तरी चालू ठेवा. बुडणारे मूल हाका मारत नाही; तोंड पाण्याच्या वर काढून श्वास घेण्यातच त्याची शक्ती संपते, आणि दोन पावलांवर गप्पा मारत बसलेल्यांनाही काही कळत नाही.

राहता राहिली फी. एप्रिलच्या बॅचमध्ये त्याला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे न्हाणीघरातलेच धडे तोवर पुरे व्हायचे नाहीत. पण भरलेले पैसे बुडू देण्याआधी तलावाच्या कार्यालयात जाऊन तीच फी लेडीज बॅचला वळवता येते का, ते विचारून पाहा. सुती कपडे बहुतेक तलावांवर चालत नाहीत, मात्र पूर्ण बाह्यांचे आणि गुडघ्याखालपर्यंतचे लायक्राचे पोशाख आता सगळीकडे मिळतात, तेव्हा संकोचाचे ते कारण उरलेले नाही. पहिल्या दिवशी मुलाला सोबत न्या, काठावरच्या बाकावर आजोबांशेजारी बसवा, आणि तुम्ही पायरी उतरण्याआधी ‘एक, दोन, साडेमाडे तीन’ मोठ्याने म्हणायचे काम त्याला द्या.